अंगावर मिठाचे दाणे: समुद्री माशांच्या परजीवींवरील उपचारांचा इतिहास

मुळशी तालुक्यात हिंजवडी, माण, पिरंगुट या बाजूला गेल्या काही वर्षांत जे नवे फ्लॅट झाले, त्यांतल्या काहींच्या दिवाणखान्यात आता खाऱ्या पाण्याचा फिशटँक असतो. साधा गोल्डफिशचा नव्हे, तर प्रवाळ, तारामासे, कोळंब्या आणि मुलांचा लाडका ‘निमो’ असलेला रीफ टँक. जरा गंमतच आहे. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कोकणात उतरते आणि समुद्राला मिळते. समुद्र मात्र पिशवीतल्या मिठाच्या रूपाने घाट चढून वर आला आहे.

अशा घरांतून मला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न: “डॉक्टर, माशांच्या अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आलेत, आमच्या मुलांना त्याची लागण होईल का?” याचे उत्तर सोपे आहे. नाही होणार. हा परजीवी खाऱ्या पाण्यातल्या माशांवरच जगतो. माणसाच्या कातडीवर त्याचे काही चालत नाही. दुसरा प्रश्न असा: “औषध टाकले की ठिपके जातात आणि आठ-दहा दिवसांनी दुप्पट होऊन परत येतात. असे का?” याचे उत्तर मात्र लांबलचक आहे. ते शोधायला माणसांना बरीच वर्षे लागली, आणि त्या उत्तराचा तुमच्या-आमच्या औषधांशीही जवळचा संबंध आहे. म्हणून आजचा लेख.

आधी या जंतूची ओळख. गोड्या पाण्यातल्या माशांना होणारा असाच पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फार जुना. फूके या फ्रेंच संशोधकाने १८७६ मध्ये त्या जंतूला नाव दिले, इक्थिओफ्थिरियस. अर्थ साधा आहे: माशाची ऊ. खाऱ्या पाण्यातला त्याचा जोडीदार ओळखीचा व्हायला आणखी साठ वर्षे गेली. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि लंडनमध्ये ब्राउन यांनी १९५१ मध्ये त्याला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले. त्याआधी १९३१ मध्ये ब्राउन यांनीच समुद्री माशांच्या कल्ल्यांवरच्या दुसऱ्या एका परजीवीचे वर्णन केले होते. त्याला आज अमायलूडिनियम म्हणतात. त्याचे ठिपके अगदी बारीक, मखमलीवर धूळ बसल्यासारखे दिसतात, पण तो मासे मारतो फार झपाट्याने. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात नायग्रेली यांनी १९३६ मध्ये त्याचे जीवनचक्र मांडले.

हे सगळे काम मोठ्या शहरांतल्या मत्स्यालयांच्या आसपास झाले, ही गोष्ट लक्षात घ्या. समुद्रात हे परजीवी नव्हते असे नाही. पण तिथे माशाच्या अंगावरून सुटलेल्या जंतूला पुन्हा मासा सापडणे म्हणजे आषाढी वारीत हरवलेली चप्पल सापडण्यासारखे. त्याची बहुतेक पिल्ले उपाशी मरतात. माणसाने मासे काचेच्या खोलीत कोंडले आणि जंतूची ही अडचण संपली. मुंबईला मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते खुले झाले तेही १९५१ मध्येच. ब्राउन यांनी ज्या वर्षी जंतूला नाव दिले, त्याच वर्षी मराठी माणसाला तिकीट काढून काचेमागचा समुद्र पाहायला मिळाला. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहण्यासारखा.

आता जीवनचक्र. कृपया हा परिच्छेद घाईने वाचू नका, पुढचे सगळे यावर उभे आहे.

पांढरा ठिपका दिसतो तो जंतू माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून माशाच्या पेशी खात असतो. तो वर बसलेला नसतो, आत असतो. त्यामुळे पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तीन ते सात दिवस खाऊन फुगला की तो स्वतःहून मासा सोडतो, बहुधा अंधारात. मग तळाशी, दगडावर किंवा वाळूवर जाऊन स्वतःभोवती टणक कोष करतो. या कोषातही औषध शिरत नाही. आत एका जंतूचे विभाजन होऊन शंभर-दोनशे पिल्ले होतात आणि कोष फुटला की ती पाण्यात पोहत मासा शोधू लागतात. मासा शोधायला त्यांना जेमतेम एक-दोन दिवस असतात. नाही सापडला तर मेली. या तीन अवस्थांपैकी औषधाला सापडणारी अवस्था एकच, ही शेवटची पोहणारी. बाकी काळ जंतू एकतर माशाच्या कातडीत लपलेला असतो किंवा कोषात.

म्हणजे पाहा काय होते. सोमवारी तुम्हाला ठिपके दिसले. तुम्ही कुणी सांगितले म्हणून काहीतरी टाकले. गुरुवारी ठिपके गायब. तुम्ही खूश. खरे तर जंतू पोट भरून स्वतःच्या पायाने, म्हणजे त्याच्या केसांसारख्या पापण्यांनी, खाली उतरला आहे आणि तळाशी कोषात पुढची फौज तयार करतो आहे. तुम्ही काहीही न टाकता नुसते बघत बसला असतात तरी ठिपके गेलेच असते. लसूण खाऊ घाला, दुकानातली ‘हर्बल’ बाटली ओता, मासे साफ करणारी कोळंबी आणून सोडा. सगळ्याच उपायांना काही दिवस यश आल्यासारखे वाटते ते यामुळे. या रोगावरच्या निम्म्या ‘अनुभवसिद्ध’ उपायांची कीर्ती याच चार दिवसांवर उभी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला भरवशाचा उपाय आला तो शेतकऱ्याच्या ओळखीचा. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला मोरचूद सांगायला नको. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास मिलार्डे यांनी द्राक्षावरच्या केवड्यासाठी पुढे आणले, आणि आजही आपल्याकडे त्याची फवारणी होते. हेच मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, अमायलूडिनियमच्या गटातल्या परजीवींवर चालते असा लेख १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी लिहिला. त्यानंतर जगभरच्या मत्स्यालयांत तांबे हा मुख्य उपचार झाला आणि पांढऱ्या ठिपक्यांवरही तेच वापरू लागले. पाण्यात विरघळलेले तांबे दर लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम इतके राखायचे. कमी झाले तर जंतू मरत नाही, थोडे जास्त झाले तर मासा मरतो. औषध आणि विष यांच्यातली जागा इतकी अरुंद असलेली औषधे आम्हाला माणसांतही माहीत आहेत. डिगॉक्सिन किंवा लिथियम घेणाऱ्या रुग्णाची रक्ततपासणी आम्ही पुन्हा पुन्हा करायला लावतो ती याच कारणाने. तांब्याचेही तसेच. रोज मोजल्याशिवाय हा उपचार करू नये. आणि हे प्रमाण काही आठवडे सलग टिकवायचे असते, कारण कोष वेगवेगळ्या दिवशी फुटतात. प्रत्येक तुकडी बाहेर पडेल तेव्हा पाण्यात तांबे हजर पाहिजे.

मग अडचण कुठे आली? अडचण आली ती रीफ टँकने. १९६० च्या आसपासपर्यंत घरातल्या खाऱ्या टाकीत बहुधा मासेच असत. प्रवाळ असले तर ते मेलेले, पांढरे, शोभेचे. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक आणि जिवंत प्रवाळ टाकीत ठेवून, फक्त हवेच्या बुडबुड्यांवर ते जगवून दाखवले. पुढे जर्मनीतल्या हौशी लोकांनी त्यात भर घातली. टाकी सुंदर झाली, पण तिच्यात आता तांबे टाकता येईना. तांब्याने प्रवाळ मरतात, कोळंब्या मरतात, गोगलगाई तर पहिल्यांदा मरतात. शिवाय चुनखडीचे खडक तांबे शोषून घेतात आणि मागाहून सोडत राहतात, म्हणजे एकदा चूक झाली की टाकी कायमची दूषित. (आपल्याकडे आणखी एक गोष्ट: खडकाळ प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून उचलून आणलेला तुकडा बाळगणे हा गुन्हा आहे, हौस नव्हे.)

गोगलगाई तांब्याने मरतात हे डॉक्टरांना मात्र फार आधीपासून ठाऊक होते. इजिप्तमध्ये शिस्टोसोमा नावाचा चपटा कृमी माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहून लघवीतून रक्त पाडतो. त्याची पिल्ले गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत वाढतात. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या कालव्यांत गोगलगाई मारण्यासाठी मोरचूदच टाकत. हा रोग भारतात नाही असे मानले जाई. मग १९५२ मध्ये आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह यांनी तो शोधला तो आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, गिमवी या गावी. वैद्यकीय पुस्तकांत आजही गिमवीचे नाव येते, आणि परीक्षेला ते लिहिणाऱ्या बहुतेकांना ते कोकणात कुठे आहे हे सांगता येत नाही. त्या काळी यावर अँटिमनीची त्रासदायक इंजेक्शने होती. १९७० च्या दशकात प्राझिक्वांटेल आले आणि एक-दोन दिवसांच्या गोळ्यांत काम होऊ लागले. आज माशांच्या कल्ल्यांवर आणि डोळ्यांवर चिकटणाऱ्या चपट्या कृमींसाठी हौशी लोक वापरतात ते हेच प्राझिक्वांटेल. तो वेगळ्या जातीचा कृमी आहे, पण कूळ चपट्यांचेच. पांढऱ्या ठिपक्यांवर मात्र ते चालत नाही. तो जंतू कृमी नव्हे, एकपेशीय आहे. रोग न ओळखता औषध दिले तर काय होते, त्याचे हे सरळ उदाहरण.

माशांच्या औषधांचे कपाट उघडून पाहिले तर ते आमच्याच दवाखान्यातून गेलेले दिसते. मेथिलीन ब्लू हा निळा रंग. बर्लिनमध्ये १८९१ साली गुटमन आणि एर्लिश यांनी तो हिवतापाच्या दोन रुग्णांना दिला. पूर्णपणे कृत्रिम पदार्थाने माणसाचा संसर्ग बरा करण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न. आज तो माशांच्या अंड्यांवरची बुरशी थांबवायला वापरतात. क्विनीन, मेट्रोनिडाझोल, फॉर्मालिन, सगळी मंडळी तिथे आहेत. आणि क्लोरोक्विन आहे.

क्लोरोक्विनची गोष्ट थांबून सांगितली पाहिजे. जर्मनीत बायर कंपनीत हान्स आंडरझाग यांनी १९३४ मध्ये ते बनवले आणि जास्त विषारी समजून बाजूला ठेवून दिले. त्याच्याशी मिळतेजुळते एक औषध दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये ट्युनिसला दोस्त सैन्याच्या हाती लागले, तेव्हा अमेरिकेत पुन्हा तपास झाला आणि युद्धानंतर क्लोरोक्विन हिवतापाचे जगातले पहिल्या पसंतीचे औषध झाले. आपल्या आधीच्या पिढीतल्या किती जणांनी त्या कडू गोळ्या खाल्ल्या असतील! माशांचे हौशी लोक तेच क्लोरोक्विन फॉस्फेट, पावडरच्या रूपात, वेगळ्या टाकीत परजीवींसाठी वापरू लागले. रीफ टँकमध्ये तेही चालत नाही, शेवाळे आणि प्रवाळ दोन्हींना अपाय होतो.

मार्च २०२० मध्ये करोनावर क्लोरोक्विन चालते अशी हवा उठली. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या एका साठीच्या जोडप्याने माशांसाठी घरात ठेवलेले क्लोरोक्विन फॉस्फेट स्वतः घेतले. नवरा दगावला, बायको अत्यवस्थ झाली. रसायन तेच होते. पण माशाच्या डब्यावर माणसाचा डोस नसतो, शुद्धतेची खात्री नसते, आणि क्लोरोक्विनचा जादा डोस हृदयाची लय तासाभरातही बिघडवू शकतो. त्याच महिन्यात आपल्याकडेही लोक औषधाच्या दुकानांत याच जातीची गोळी मागत होते, म्हणून तिकडच्या लोकांना हसण्यात अर्थ नाही. घरात लहान मूल असेल आणि माशांची औषधे असतील तर ती कुलपात ठेवा. मोरचूदसुद्धा. निळे खडे मुलांना खडीसाखरेसारखे वाटतात. आणि माशांसाठी म्हणून मिळणाऱ्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आपल्या घशासाठी वापरायच्या नसतात, हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

तर मग रीफ टँकमध्ये औषध चालत नाही, कोषात औषध शिरत नाही. उपाय काय? उपाय निघाला तो औषधाचा नव्हता, दिवस मोजण्याचा होता.

इस्राएलमधील एलाट येथे मत्स्यपालन केंद्रात काम करणाऱ्या कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात एक साधी युक्ती तपासली. जंतू मासा सोडून खाली पडतो, कोष करतो आणि पिल्ले बाहेर यायला किमान तीन दिवस लागतात. मग दर तीन दिवसांनी मासा उचलून स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत ठेवला तर? कोष मागे राहतात, मासा पुढे जातो. अशा चार बदल्यांत, एक थेंब औषध न घालता, मासा मोकळा होतो. पाण्यातली क्षारता निम्म्याच्या आसपास उतरवून कोष फोडण्याची पद्धतही त्याच काळात तपासली गेली. तीही वेगळ्या टाकीतच करायची, कारण इतके कमी खारे पाणी प्रवाळांना सोसत नाही.

आणि मुख्य टाकीचे काय? तिथे दगडांवर कोष आहेतच. त्यांना मारायची गरज नाही, त्यांना उपाशी ठेवायचे. सगळे मासे बाहेर काढायचे आणि टाकी फक्त प्रवाळ-कोळंब्यांसह ठेवायची. पिल्ले बाहेर येतील, मासा सापडणार नाही, मरतील. किती दिवस? कोलोर्नी आणि बर्जेस यांनी १९९७ मध्ये घेतलेल्या आढाव्यात कोष फुटायला तीन ते बहात्तर दिवस लागू शकतात असे नोंदले आहे. म्हणून अनुभवी लोक अडीच महिने टाकी माशांविना ठेवतात. दोन आठवडे थांबून, ‘पाणी स्वच्छ दिसतंय’ म्हणून मासे परत सोडणारे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. ते बहात्तर दिवस आपल्या सोयीने ठरलेले नाहीत, जंतूच्या सोयीने ठरले आहेत.

विलगीकरण हा शब्द पुण्याच्या माणसाला नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि रँडच्या काळात घरात घुसून माणसे छावणीत नेली गेली, त्याचा संताप इतिहासात नोंदलेला आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. तोच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने पुन्हा वापरला आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हातावर चौदा दिवसांचा शिक्का बसला. ‘क्वारंटाइन’ हा शब्द चाळीस दिवसांवरून आला. युरोपातल्या बंदरांनी तो आकडा ठरवला तेव्हा जंतू कुणी पाहिलेला नव्हता. करोनाचे चौदा दिवस मात्र संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावरून काढलेले होते. माशांचे बहात्तरही तसेच मोजून आले. नवा मासा आणल्यावर त्याला आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवायचे ही गोष्ट मोठी मत्स्यालये काटेकोरपणे पाळतात आणि घरी आपण नेमकी हीच गाळतो, कारण मुलांना मासा आजच टाकीत पाहायचा असतो.

मला या सगळ्या कथेत रस वाटतो तो एका कारणाने. दवाखान्यात मी हेच नाट्य हिवतापाच्या रुग्णांत पाहतो. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात क्लोरोक्विनच्या तीन दिवसांत रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो, रुग्णाला बरे वाटते. पण काही जंतू यकृतात झोपून असतात. हिवतापाचा जंतू माणसाच्या यकृतात राहतो हे शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये दाखवले, आणि झोपून राहणाऱ्या अवस्थेचा उलगडा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. त्या झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायचे असते. ताप गेल्यावर पाचव्या दिवशी गोळ्या बंद करणारा रुग्ण आणि ठिपके गेल्यावर तांबे काढून घेणारा हौशी, दोघांचा हिशेब एकाच जागी चुकतो. दोन महिन्यांनी ताप परत आला की रुग्ण म्हणतो, “डॉक्टर, तुमचे औषध लागू पडले नाही.” (प्रायमाक्विनआधी जी-सिक्स-पीडी तपासणी करायची असते आणि गरोदर स्त्रियांना ते द्यायचे नसते, म्हणून घरातली उरलेली स्ट्रिप कुणालाही देऊ नका.)

आता पहिल्या प्रश्नाकडे पुन्हा जरा येऊ. ठिपक्यांची लागण माणसाला होत नाही हे खरे. पण टाकीतून माणसाकडे येणारी एक गोष्ट आहे, तिचे नाव मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. क्षयाच्या जंतूचा हा दूरचा भाऊ. ॲरॉनसन यांनी १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो शोधला, आणि १९५१ मध्ये स्वीडनच्या नॉर्डेन व लिनेल यांनी पोहण्याच्या तलावातून माणसांना झालेल्या त्वचारोगात तसाच जंतू पाहिला. बोटाला बारीकशी जखम असते, तुम्ही टाकी साफ करता, आणि दोन-तीन आठवड्यांनी तिथे लालसर गाठ येते. ती दुखत नाही, भरतही नाही, कधी हातावर वर वर गाठींची रांग लागते. आपल्याकडे हे बुरशी, चामखीळ किंवा त्वचेचा क्षय समजून महिनोन्महिने भलतेच उपचार चालतात. उपचार आहे, तोही काही महिन्यांचा.

हातावर जखम असताना टाकीत हात घालू नका, घालायचाच असेल तर लांब हातमोजे वापरा. आणि अशी गाठ आली तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घरात फिशटँक आहे. ते विचारतीलच असे नाही. तपासणीसाठी तुकडा पाठवायची वेळ आली तर प्रयोगशाळेलाही ते कळले पाहिजे, कारण हा जंतू ३० अंशांच्या आसपास वाढतो. क्षयासाठी नेहमी लावतात त्या ३७ अंशांवर तो वाढला नाही की रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो.